फ्रेडीला 'आपला' म्हणताय ना, मग आधी नीट ऐका तरी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं एखादं गाणं कुठे वाजलं की आपल्या पुण्यातल्या ग्रुप्सवर ठरलेले दोन मेसेज येतात. एक, 'माहितीये का, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकलाय, आपलाच माणूस!' आणि लगेच दुसरा, 'हो पण त्याने ते आयुष्यभर लपवलं'. मला दोन्हीचा वैताग येतो, कारण दोन्हीत गाणं कुठेच नाहीये.

फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बुलसारा, 1946 ला झांझिबारमधे एका पारशी घरात जन्मला, आठ वर्षांचा असताना आईवडिलांना सोडून बोटीने इकडे आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमधे राहिला. फ्रेडी हे नाव तिथलंच. शाळेत मुलांचा हेक्टिक्स नावाचा बँड होता, आणि त्यात हा गायक नव्हता!! पियानो वाजवायचा, गायचा दुसराच मुलगा. पुढे ज्याच्या आवाजावर जग वेडं झालं तो पाचगणीत मागे बसून साथ करत होता, ही गोष्ट मला त्या 'आपलाच माणूस'पेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आता लपवण्याबद्दल. 1964 च्या क्रांतीनंतर झांझिबार सोडून हे कुटुंब लंडनजवळ फेल्टमला आलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. तो काळ कसा होता तर 1968 मधे इनॉक पॉवेलसारखा खासदार बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध जाहीर भाषण ठोकतो आणि त्याच्या समर्थनार्थ कामगार मोर्चे काढतात. अशा देशात सावळ्या पोराने रॉक बँड काढून पुढे उभं राहायचं, आणि आपण इथे कोथरूडला सोफ्यावर बसून म्हणणार की त्याने ओळख लपवली. तो मुलाखतीत स्वतःच्या कुठल्याच खासगी गोष्टीबद्दल फार बोलायचा नाही. गेला तेव्हा अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनीच केले, अजून काय पुरावा हवाय?

आणि काम बघा ना त्याचं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', 1975. मधला तो ऑपेरासारखा भाग ऐकताना मोठा कॉयर गातोय असं वाटतं, पण गाणारे तिघंच आहेत, फ्रेडी आणि बँडमधले ब्रायन मे आणि रॉजर टेलर. तेव्हा कॉम्प्युटर नाही, टेपचे 24 ट्रॅक, म्हणजे एका टेपवर शेजारी शेजारी 24 वेगळी रेकॉर्डिंग मावणार. तेच तिघं एक सूर गाणार, मग त्याच्यावर दुसरा, मग सगळं एकत्र करून जागा मोकळी करणार, परत गाणार, असं दिवसेंदिवस. टेप हेडवरून इतक्या वेळा फिरली की झिजून आरपार दिसायला लागली, असं ब्रायनने सांगितलंय. आपल्याकडे सवाईला कोणी तासभर विलंबित गायलं की आपण लगेच 'काय रियाज आहे' म्हणतो (आणि म्हणायलाच हवं), मग इथे तो शब्द का सुचत नाही? रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा हे अजून डोक्यातून जात नाही लोकांच्या.

लाइव्ह एड या मदतनिधीच्या कॉन्सर्टमधला क्वीनचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो, 13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली स्टेडियम, जेमतेम वीस मिनिटं. त्यात 'ए-ओ' वाला तुकडा परत बघा. मागे बँड जवळपास गप्प, आणि हा एक तान घेतो, सत्तर हजार लोक ती परत गातात, तो थोडी अवघड करतो, लोक तीही गातात. मैफल कशी बांधायची हे त्या छोट्याशा तुकड्यात आहे, आणि ते कोणाला शिकवून येत नाही असं माझं ठाम मत आहे.

शेवटच्या वर्षाबद्दल मात्र लोक फक्त कुजबुजतात, आजार कसा झाला वगैरे. अहो, एड्सने शरीर संपत चाललेलं असताना हा माणूस स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत जाऊन जमेल तितकं गाऊन ठेवत होता! 'मदर लव्ह' ऐका. शेवटचं कडवं ब्रायन गातो, कारण फ्रेडीला ते रेकॉर्ड करणं झालंच नाही. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला, 45 वर्षांचा. त्याच्या नावाने उभा राहिलेला मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट आजही एड्सविरुद्धच्या कामाला पैसे देतो, हे त्या फॉरवर्डमधे कधी का नसतं?

या पावसाळ्यात पाचगणीला जाणारच असाल तर वाई सोडल्यावर पसरणी घाटात 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' हा अल्बम ('बोहेमियन ऱ्हॅप्सडी' त्यातलंच) पहिल्या गाण्यापासून लावा, मधे स्किप न करता. कसं वाटलं ते खाली लिहा, आवडलं नाही तरी लिहा, त्यावर मी कितीही वेळ बोलायला तयार आहे.