काटव्याच्या पाळण्यात आपण

गेल्या वर्षी महालयाच्या आठ दिवस आधी मी काटव्याला जाऊन आले. आल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते आणि राहून जात होतं. परवा नागपुरात, महाल भागात, भोसल्यांच्या वाड्याजवळ गाडी गर्दीत अडकली, तेव्हा त्या वाड्याकडे बघता बघता ठरवलं की आता लिहायचंच.

काटवा हे पश्चिम बंगालच्या पूर्व वर्धमान जिल्ह्यातलं छोटं गाव. तिकडे त्याला शहर म्हणतात, पण दोन दिवसांत पायी पालथं घालता येईल एवढंच. बँकेतली माझी बंगाली मैत्रीण मूळची तिथली. कितीतरी वर्षं म्हणत होती, "एकदा पूजेच्या आधी ये, नदी भरलेली असते." शेवटी योग आला. नागपूरहून हावडा, आणि हावड्याहून काटवा लोकल, साडेतीन तासांच्या आसपास. वाटेत श्रीरामपूर लागलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले. मराठी भाषेचं व्याकरण विल्यम केरीने 1805 मध्ये छापलं ते या गावात! आपल्या भाषेचं व्याकरण हुगळीच्या काठी छापलं गेलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? डब्यात मात्र झालमुडीवाल्याची डबा हलवण्याची लगबग चालली होती आणि सरसूच्या तेलाचा वास सुटला होता.

बांडेल सोडलं की गाडी नदीला धरूनच वर सरकते. काल्ना, नवद्वीप, पाटुली, अग्रद्वीप, दाँईहाट, मग काटवा. दोन्ही बाजूंना पोपटी भात, सडायला पाण्यात बुडवलेला ताग, त्याचा तो उग्र दर्प, आणि सोललेल्या तागाच्या काड्या उभ्या करून वाळत घातलेल्या. काशाची पांढरी फुलं तर रुळांच्या कडेपर्यंत आलेली.

काटव्यात दोन नद्या भेटतात. भागीरथी, जिला तिथले लोक गंगाच म्हणतात, आणि पश्चिमेकडून येणारी अजय. अजयचं पाणी राढातली, म्हणजे बंगालच्या पश्चिम भागातली, लाल माती घेऊन येतं, त्यामुळे संगमावर काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात. पहिल्या संध्याकाळी मैत्रिणीचा दादा मला घाटावर घेऊन गेला. पलीकडे नदिया जिल्हा. पलीकडची माणसं बाजाराला, कॉलेजला, दवाखान्यात जायला इकडे येतात, होडीत सायकली, दुधाचे कॅन, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळं एकत्र. आम्ही मातीच्या भाँडातला चहा घेऊन पायऱ्यांवर बसलो. दादा म्हणाला, "बोलू नकोस, पाण्याकडे बघ." दहा मिनिटं काही नाही. मग एकाएकी एक राखाडी पाठ वर आली, फुस्स असा श्वास सोडला आणि गेली. शुशुक! गंगेतला डॉल्फिन. त्याला जवळजवळ दिसत नाही, गढूळ पाण्यात तो आवाजाच्या पडसादावरून वाट काढतो. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर घोषित केलं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण तो श्वास हाताच्या अंतरावर ऐकणं वेगळंच. त्या संध्याकाळी पाच वेळा ऐकला.

याच घाटापासून जवळ, जून 1757 मध्ये, क्लाइव्हने आपल्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली होती, नदी ओलांडावी की नाही म्हणून. 22 तारखेला ओलांडली आणि 23 ला पलाशीची, म्हणजे आपण म्हणतो ती प्लासीची, लढाई झाली. पण काटव्याच्या लोकांच्या बोलण्यात क्लाइव्ह येत नाही. बर्गी येतात.

दुसऱ्या रात्री वीज गेली. मैत्रिणीची आई, मासीमा, दीड वर्षांच्या नातवाला मच्छरदाणीत घेऊन निजवत होती. एका हातात ताडपत्राचा पंखा, दुसऱ्या हाताने थोपटणं. मी शेजारच्या चटईवर आडवी होते. मासीमा गुणगुणत होती आणि त्यातले तीन शब्द मला स्वच्छ कळले : बर्गी एलो देशे. बर्गी देशात आले.

मी उठून बसले. मैत्रिणीला हळूच विचारलं, तिने अर्थ सांगितला. बाळ झोपलं, आळी निवांत झाली, बर्गी आले. बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता खाजना कशाने भरू? धान संपलं, पानही संपलं, सारा भरायला उपाय काय? थोडे दिवस थांब, मी लसूण पेरलाय.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. घोडा आणि हत्यार सरकारातून मिळालेला स्वार. आपलाच शब्द, थोडा झिजलेला. आमच्याकडे पाळण्यातून राम येतो, कृष्ण येतो, शिवाजीमहाराज येतात. इथल्या पाळण्यात आपण येतो, बागुलबुवा होऊन. पावणेतीनशे वर्षं उलटली तरी अजून येतो.

आणि त्या गाण्यातली शेवटची ओळ मला झोपू देईना. माझे आजोबा वर्धा जिल्ह्यातले कापूसवाले. सावकाराचा माणूस दारात आला की ते ओसरीवरूनच म्हणायचे, "कापूस निघू द्या, मग देतो." मी लहानपणी हे कानांनी ऐकलंय. काटव्याची आई म्हणते, लसूण निघू दे. तेच आर्जव, तोच आवाज. फरक एवढाच की तिच्या दारात उभा असलेला माणूस माझ्या गावाहून आलेला होता.

कारण हे सगळं नागपूरहून निघालं होतं. रघुजीराजे भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, 1742 मध्ये चौथाई वसूल करायला बंगालवर गेले. पावसाळ्यात माघारी न फिरता त्यांनी काटव्याला तळ टाकला. त्याआधीच बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्यावर नाराज झालेला मीर हबीब त्यांना येऊन मिळाला होता आणि खुद्द मुर्शिदाबादेत जगत्‌शेठांची पेढी लुटली गेली होती. कलकत्त्याच्या लोकांनी तर मराठे येतील म्हणून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोच तो प्रसिद्ध मराठा डिच. आमच्या शाळेच्या पुस्तकात या सगळ्याला "भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या" अशी एक ओळ होती. ती मी पाठ करून लिहिली होती, मार्कही मिळाले होते.

सकाळी मी दाँईहाटला गेले. काटव्याच्या अलीकडचं स्टेशन. पितळ-काशाची भांडी आणि दगडी मूर्ती यांसाठी जुनं नावाजलेलं गाव. तिथे मूर्तिकाराला म्हणतातच भास्कर. दक्षिणेश्वरची काली घडवणारे नवीन भास्कर याच दाँईहाटचे. आणि भास्करपंतांनी 1742 च्या सप्टेंबरअखेर दुर्गापूजा मांडली तीही इथेच. आसपासच्या जमीनदारांना सामान पुरवायला लावून मोठी पूजा केली. ऐन पूजेत नवाबाचं सैन्य होड्यांचे पूल करून रातोरात नद्या ओलांडून आलं, तळ उधळला आणि पूजा अर्धीच राहिली.

मी गेले तेव्हा गल्लीत एका मांडवात या वर्षीची देवी घडत होती. पेंढ्यावर मातीचा थर चढलेला, मानेला नुकत्याच भेगा पडलेल्या, आणि म्हातारा कारागीर ओल्या फडक्याच्या पट्ट्या चिकटवून त्या भेगा बुजवत होता. डोळे रेखायचे बाकी होते. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याने विचारलं, कुठून आलात? मी "नागपूर" म्हणाले. "महाराष्ट्र" म्हणायला त्या क्षणी जीभ रेटली नाही.

बंगालीत गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात, 1751 च्या सुमारास, "महाराष्ट्रपुराण" लिहिलं. नाव ऐकून आपल्याला वाटावं की काहीतरी गौरवाचं असेल. त्यात पळणाऱ्या माणसांची रांग आहे. ब्राह्मण पोथ्यांचं ओझं घेऊन पळतोय, सोनार तराजू घेऊन, कासार तांबं-पितळ घेऊन. बर्गी रुपये मागतात, मिळाले नाहीत तर नाकात पाणी भरतात. बायकांवर काय गुदरलं तेही त्याने लिहिलंय, इथे मी ते उतरवत नाही. आणि लक्षात घ्या, याच गंगारामाच्या सुरुवातीला मराठे हे पापाचा भार उतरवायला शिवाने पाठवलेले आहेत. तो आपला जन्मजात द्वेष्टा नव्हता. पुढे जे पाहिलं-ऐकलं त्याने देवीच भास्करावर उलटते, असं त्याला लिहावं लागलं.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. 1744 मध्ये अलिवर्दीने तहाच्या बोलणीसाठी म्हणून भास्करपंतांना मनकऱ्याच्या छावणीत बोलावलं आणि तंबूतच त्यांना व त्यांच्या 21 सरदारांना कापून काढलं. हा निव्वळ विश्वासघात होता. त्यानंतर रघुजीराजे स्वतः सूड घ्यायला निघाले. 1751 मध्ये तह झाला, वर्षाला 12 लाख चौथाई ठरली, ओडिशा भोसल्यांकडे आला. हे सगळं खरं. पण मनकऱ्याच्या तंबूत जे घडलं त्याचा जाब काटव्याच्या लसूण पेरणाऱ्या बाईकडे मागता येत नाही. आणि तिची झोपडी त्याच्या दोन वर्षं आधीच जळली होती.

मी हे नागपुरात दोघा-तिघांना सांगितलं तर एकजण रागावले. म्हणाले, आपल्याच लोकांची बदनामी कशाला? तेव्हा सगळेच असं करायचे. मला हे पटत नाही, आणि इथे सगळ्यांसमोर सांगते की पटत नाही. अटकेचा अभिमान मलाही आहे. घोड्यावर बसून नागपूरहून गंगेपर्यंत जाणारी माणसं लेचीपेची नव्हती. पण मोठ्या घराची वही असते ना, तिच्यात जमा आणि नावे दोन्ही लिहिलेलं असतं. आपण जमेची पानं मोठ्याने वाचतो आणि नावेची खळ लावून चिकटवून टाकतो. ती पानं मग दुसऱ्यांच्या पाळण्यात वाचली जातात. महालात वारसा फेऱ्या निघतात, तिथे एका ठिकाणी उभं राहून काटव्याचं नाव घ्यायला काय हरकत आहे? सातवी-आठवीच्या मुलांना त्या एका ओळीच्या खाली हे अंगाईगीत सांगायला काय हरकत आहे? मुलांना उलट इतिहास जास्त कळेल. मला तरी पन्नाशीत कळला.

आणि सहलीवाल्यांनो, कलकत्ता, गंगासागर, दार्जिलिंग करता, त्यात दोन दिवस काटव्याला द्या. अग्रद्वीपजवळ नतूनग्राम आहे, तिथे घरोघर लाकडाची रंगीत घुबडं घडवतात, लक्ष्मीचं वाहन म्हणून. माझ्या टीव्हीशेजारी एक बसलंय. गरम पांतुआ ही तिथली मिठाई खा. घाटावर शांत बसा, शुशुक श्वास सोडतोच.

शेवटच्या सकाळी मासीमा मला गौरांगबाडीत घेऊन गेली. चैतन्य महाप्रभूंनी 1510 मध्ये, चोविसाव्या वर्षी, काटव्यात केशव भारतींकडून संन्यास घेतला. त्यांचे कापलेले केस जिथे पुरले ती समाधी तिथे आहे. मासीमा ते इतक्या आतून सांगत होती, जणू शेजारच्या घरातला मुलगा गेला. "चोवीस वर्षांचा गं. आई नवद्वीपला, घरात तरणी बायको. न्हाव्याचा हात चालेना म्हणतात."

तिला रात्रीचं माझं उठून बसणं आठवत असावं. पायरीवर टेकल्यावर तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझ्या देशात पंढरपूर आहे ना?" मी चकित झाले. मग तिनेच सांगितलं. निमाईचा, म्हणजे चैतन्यांचा, थोरला भाऊ विश्वरूप लहानपणीच घर सोडून संन्यासी झाला होता. धाकटा त्याला शोधत दक्षिणेत गेला आणि पंढरपुरात त्याला कळलं की दादाने इथेच देह ठेवला. चैतन्यचरितामृतात हे आहे, आणि ते लिहिणारे कृष्णदास कविराज काटव्याजवळच्या झामटपूरचे. मासीमाने ते लहानपणापासून वाचनात ऐकलंय.

"आमचा मोठा मुलगा तुमच्याकडे राहिला," ती म्हणाली. "तू गेली आहेस तिथे?"

मी गेले होते, चारदा. चंद्रभागा, वाळवंट, दिंड्या, जे सांगता आलं ते मोडक्या हिंदीत सांगितलं. तिने विचारलं, नदीला पाणी असतं का? मी म्हटलं, आषाढात असतं. तिथली थोडी माती आण, म्हणाली, नाहीतर देवाला वाहतात ते काहीतरी.

कार्तिकीला जाऊन आले. बुक्क्याची पुडी आणि वाळवंटातली मूठभर वाळू कापडात बांधून कपाटात ठेवली आहे. पोस्टाने पाठवायला मन होत नाही. पूजेच्या आधीचं गाडीचं आरक्षण उघडलं की तिकीट काढणार आहे.