चार पांढरे मोजे

पावसाळ्यात जलरंग घेऊन बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलाकडे निघणाऱ्या माणसाला एक सोय नक्की मिळते, पाणी न्यावं लागत नाही. ते पिशवीत असतं, बुटात असतं, ट्यूबच्या आट्यांत असतं. ३०० जीएसएमचा महागातला कागद पाकिटातून काढेपर्यंतच आंबोळीसारखा मऊ पडलेला असतो. ब्रश भिजवायलाही लागत नाही, नुसता वर धरायचा.

शिवाय हे साधंसुधं पाणी नव्हे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे आणि तिथलाच कळसा नाला पुढे म्हादईत जातो. त्या म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडतायत ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. २०१८ साली लवादाने कर्नाटकाच्या पदरात १३.४२ टीएमसी टाकलं. तिथे बसून ब्रश खळबळला की वाटीतलं गढूळ पाणी उताराच्या कुठल्या अंगाला ओतावं, हा प्रश्न मला तरी पडतो. उगाच निकालाबाहेरचं निळं पाणी गोव्यात गेलं असं व्हायला नको.

जलरंगाचा मूळ नियम असा, की पांढरा रंग वापरायचा नाही. पांढरं म्हणजे कागद. ढग असो, फेस असो, बगळा असो, जे पांढरं दिसायला हवं ते आधीच हेरून कोरं सोडायचं आणि बाकी रंगवायचं. हा नियम करणाऱ्यानं गवा बघितलेला नसणार. गव्याचं धूड काळपट तपकिरी, आणि गुडघ्यापासून खाली चारी पाय पांढरे. आता ते चार पाय कोरे ठेवायचे, त्यांच्यामधून दिसणारं गवत हिरवं करायचं आणि मग वरचा डोंगर चढवायचा. तोवर त्या जनावरानं उभं राहायचं.

भीमगड अभयारण्यात शिरायला आपल्याला वनखात्याची परवानगी लागते. बाहेर यायला गव्याला लागत नाही. जांबोटीच्या पुढे सकाळी धुकं होतं आणि रस्त्यापलीकडे, बेताच्या अंतरावर, एक नर उभा होता. पायांसाठी मी मास्किंग फ्लुइड काढलं. हे पातळ रबर असतं. जिथे लावाल तिथे रंग धरत नाही, आणि शेवटी बोटानं चोळलं की सोलून निघतं. अट एकच, ते आधी खडखडीत वाळायला हवं. खडखडीत हा शब्द श्रावणात जांबोटीला कोणी वापरत नाही. वर त्याला अमोनियाचा असा वास, की गव्यानं मान वर केली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि बांबूच्या बेटात आत्ता होता आत्ता नाही. एवढं मोठं जनावर काडी न मोडता कसं जातं देव जाणे.

मागचं रान तेवढं रंगवून घेतलं. तेही सुखाचं नाही. या दिवसांत झाड हिरवं, दगड हिरवा, विजेचा खांबसुद्धा हिरवा, आणि ट्यूबमधला तयार हिरवा थापला की प्लास्टिकच्या बादलीचा रंग येतो. म्हणून फ्थॅलो निळ्यात पिवळा घालत बसलो. शेवटी कागदावर हिरवंगार जंगल, वर कोबाल्टचं आकाश, आणि मध्ये गव्याविना चार मोजे.

"काय काढालाय ओ सर?" गुरं घेऊन चाललेले एक मामा थांबले.

"गवा."

"कुठं हाय?"

"गेला."

"मग मोजे कुणाचे?"

गवा म्हटल्यावर मात्र मामा खोळ सावरून शेजारीच टेकले. याच गव्यानं त्यांचं भात तुडवलं होतं म्हणे. "काढायचाच तर भात खाताना काढा की. अर्जाला जोडतो. फोटोत नुसता अंधार आलाय." नुकसानभरपाईसाठी जलरंग चालतो की नाही, याची दोघांनाही कल्पना नव्हती. पण माझ्या कलेला एवढी ठोस मागणी आजवर कोणी केलेली नाही.

टपरीवर चहाला थांबलो तर शहरातले एक गृहस्थ भेटले. बेळगाव हे चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे इथे बघ्यांचीही तालीम झालेली असते. गृहस्थांनी माझा कागद हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि "डेप्थ नाही ओ," म्हणून भज्यांकडे वळले. त्यांचा अंगठा मात्र आकाशात राहिला.

परतीच्या लाल बसमध्ये ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं बॉनेट मस्त तापलेलं होतं. अख्ख्या तालुक्यातली ती एकमेव कोरडी जागा. तिथे कागद पसरला. कंडक्टरनं "एनरी इदु?" म्हणून चौकशी केली, चित्राला लगेज लावावं का याचा विचार केला आणि सोडून दिलं. पुढच्या थांब्यावर एक आज्जी चढल्या. कर्नाटकात बायकांना बस फुकट, पण बॉनेटवरचा हक्क त्याच्याही आधीचा. मी "आज्जी, आज्जी" म्हणेपर्यंत त्या टोपलीसकट जंगलावर बसल्या होत्या.

उठवलं तेव्हा कागदावर रबराखालचे मोजे तेवढे शाबूत होते. बाकीचं लुगड्यावर.

"जाईल न्हवं रे बाळा हे?"

मी हिशेब केला. कोबाल्ट धुतला की बराचसा सुटतो. फ्थॅलो एकदा धरला की धरला.

"आज्जी, आकाश जाईल. जंगलाचं काही सांगता येत नाही."

"मग आता उठून तरी काय करू?" म्हणत त्या परत टेकल्या. "पिरनवाडी येईस्तोवर वाळंल की."