तात्याची निवृत्ती

आमच्या तात्याची नसबंदी झाली हे तात्या सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

तात्या म्हणजे आमचा पिवळा बोका. ऑपरेशन झालं, टाके विरघळले, दिवाळीही उलटली. पण पडद्याकडे पाठ करायची, शेपूट ताठ करून थरथरवायची आणि मागच्या मागे पिचकारी सोडायची, हा नेम काही सुटला नाही. निवृत्त मामलेदाराने दिसेल त्या कागदावर सही करत सुटावं तसा तो सोफा, चपलांचं कपाट आणि मुक्कामाला आलेल्या मामांची बॅग प्रमाणित करून मोकळा झाला. रात्री माझ्या ब्लँकेटची मान दातात धरून तो जे करतो, त्यावर मी बोलणार नाही. आई म्हणते, "थंडी वाजते गं त्याला."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टेस्टोस्टेरॉन लगेच उतरतं, सवयी रेंगाळतात. दहातला एखादा बोका नसबंदीनंतरही फवारतो." दहातला एक म्हटल्यावर तो आमच्याच घरी येणार, हे ओघानेच आलं. एखादा वृषण पोटात राहून गेलाय का, म्हणून त्यांनी तात्याला उताणा केला. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात आणि नसबंदीनंतर काही आठवड्यांत ते नाहीसे होतात, ही माहिती मला त्या दिवशी विनामूल्य मिळाली. काटे नव्हते. लघवीचा रिपोर्टही स्वच्छ. "कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं झालं तर मात्र मध्यरात्रीसुद्धा घेऊन या. तुंबलं तर जिवावर बेततं," त्यांनी बजावलं. तुंबण्याची आमच्याकडे चिन्हं नव्हती.

"खिडकीबाहेर दुसरा बोका येतो?"

येतो की! समोरच्यांच्या स्कूटरवर बसून आमच्या हॉलकडे टक लावतो. मग काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद लागला. आईचं फिनेल बंद झालं, कारण ते मांजरांना विषारी. त्याऐवजी एन्झाइमवालं क्लीनर आलं. त्याची किंमत आईला अजून सांगितलेली नाही.

सह्या खरंच कमी झाल्या. ब्लँकेट मात्र गेलं ते गेलंच.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या मनीसाठी स्थळ बघायला आल्या.

"अहो काकू, त्याचं ऑपरेशन झालंय," मी म्हटलं.

नेमका तेव्हाच तात्या ब्लँकेट फरफटवत हॉलच्या मधोमध आला आणि कामाला लागला. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"पैसे परत मागा," त्या म्हणाल्या.