‘डायनो म्हंजे पैसे काढायची मशीन’ हा मेसेज पुढे ढकलायच्या आधी

गेले पंधरा दिवस आमच्या रत्नागिरी-चिपळूणच्या गाडीवाल्या पोरांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, सोबत सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर) लावलेल्या अमेरिकन पिकअपचा व्हिडिओ. म्हणणं असं की डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायची मशीन) म्हंजे पैसे काढायची मशीन, खरं ट्यूनिंग रस्त्यावरच होतं. सुपरचार्जरला टर्बोसारखं नॉकिंगचं टेन्शन नाही, त्याची पुली (बेल्टचं चाक) लहान टाकली की पॉवर फुकट, आणि डायनोच्या कागदावर कंपनीपेक्षा आकडा कमी आला की समजायचं ट्यूनर चोर. मी नऊ वर्षं शारजात गॅरेजमध्ये हेच काम केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी तो चोरीचा मुद्दा उडवतो, सोपा आहे. २०२१ ते २०२४ च्या रॅम टीआरएक्स पिकअपचे ७०२ हॉर्सपॉवर कंपनीने सांगितले ते इंजिनच्या क्रँकला, म्हंजे थेट इंजिनातून निघणारे. डायनो मोजतो चाकाला, मधे गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, अ‍ॅक्सल, ते भलेमोठे टायर, सगळे आपापला वाटा खातात. शिवाय एक डायनो जड ड्रम किती लवकर फिरतो ते बघतो, दुसरा ब्रेक लावून लोड धरतो, दोघांचे आकडे जुळणारच नाहीत. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, ट्यूनच्या आधी आणि नंतर काय फरक पडला तेवढं बघा, बाकी आकडा मित्रांना दाखवायला ठेवा.

नॉकिंग नाही हे कुणी सांगितलं देव जाणे. हवा बेल्टवरच्या ब्लोअरने दाबली काय नि एक्झॉस्टवरच्या टर्बोने दाबली काय, दाबली की तापणार, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधी आपोआप पेटायला बघणारच, तेच नॉकिंग. उलट जुन्या रूट्स टाइपच्या सुपरचार्जरमध्ये जास्तच तापते. त्याचे दोन रोटर दिसतात उसाच्या चरकासारखे, पण हवा मधून पिळली जात नाही, बाजूबाजूने ढकलली जाते आणि पुढे तोंडाशी जाऊन कोंडते.

आता पुली. पुली लहान म्हंजे ब्लोअर जास्त फिरणार, बूस्ट म्हंजे हवेचा दाब वाढणार, इथपर्यंत बरोबर. पण हवा वाढली की पेट्रोल वाढायला हवं, इंजेक्टर आणि पंप पुरायला हवेत, ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला हवं, प्लगचा गॅप कमी करायला हवा. फुकट कसलं डोंबलाचं! आमच्याकडे एक जुनी पेट्रोलची फोर्ड लाइटनिंग पिकअप आलेली, ५.४ लिटर व्ही-८, वर ईटनचा एम-११२ ब्लोअर, कंपनीचे ३८० हॉर्सपॉवर, मालकाने पुली आधीच बदललेली. (त्या इंजिनच्या हेडमध्ये प्लगला आटेच कमी, प्लग सुटून बाहेर उडायची ख्याती, त्यामुळे गॅप बघायला प्लग काढतानासुद्धा हात जपून.) डायनोवर बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा, तीन पुल (फुल पेडल दाबून एक धाव) मारले, हवा-पेट्रोलचं मिक्श्चर व्यवस्थित, नॉक नाही, मालक खूश. संध्याकाळी रस्त्यावर काढली, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूला बसलो, मालक चालवत होता, ऑगस्टची शारजा, दुसऱ्या पुलला इंटरकूलरनंतरच्या (दाबलेली हवा गार करतो तो) हवेचं टेम्परेचर चढायला लागलं ते खाली यायचं नावच घेईना, तिसऱ्याला कॉम्प्युटरने टायमिंग मागे खेचलं आणि गाडी मरगळली. त्या गाडीच्या इंटरकूलरचं पाणी वेगळं, त्याला वेगळा इलेक्ट्रिक पंप, पंपाचा आवाज तर येत होता. सकाळी उघडलं तर लाइनमध्ये हवा अडकलेली, पाणी फिरतच नव्हतं.

बघा, मेसेजवाला म्हणेल रस्त्यावरच सापडलं ना! हो, सापडलं रस्त्यावरच. डायनोवर दहा सेकंदांचा पुल आणि मधे मस्त थंड व्हायला वेळ, तिथे अशी गोष्ट लपते. सकाळचं गार स्टार्ट, आयडल, सिग्नलवरून अलगद उचलणं, अर्ध्या पेडलवर चढ काढणं, हे सगळं रस्त्यावरच बसवायचं असतं. पण फुल थ्रॉटलला मॅप (कॉम्प्युटरमधलं पेट्रोल-टायमिंगचं सेटिंग) स्वच्छ आहे हे आदल्या दिवशी डायनोवर बघितलेलं म्हणून आम्ही थेट पाण्याकडे गेलो. नाहीतर तिथेच गाडीत बसून पेट्रोल वाढव, टायमिंग काढ असं अंदाजपंचे करत बसलो असतो आणि खरा घोटाळा तसाच राहिला असता.

आणि आमच्या आंबेवाल्या पोरांनो, तुमची पिकअप डिझेल आहे, वरचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तिथे नुसतं डिझेल वाढवणाऱ्या चिपने काळा धूर आणि एक्झॉस्टचं टेम्परेचर वाढतं. पेट्या भरून वाशीला निघालात, कशेडीच्या चढाला टर्बो लालबुंद झाला तर सांगू नका दादा बोलला नाही.

काल भाच्याने विचारलंच, "मामा, मग पहाटे चारला हायवे मोकळा असतो, गाडी पळवून लॅपटॉपवर लॉग (रीडिंगची नोंद) घ्यायला जाऊया?" म्हटलं मेल्या, त्या वेळेला मिरकरवाडा बंदराच्या मासळीच्या गाड्या सुटतात, बर्फाचं पाणी रस्ताभर गळत जातं. तिथे तू फुल थ्रॉटल देणार? आधी बापाला विचारून ये.