भिंत तुमची, रंग तुमचा, आणि दंड मला?

आई-बाबांचा एक फोटो लावायचा होता. तळहाताएवढी हलकी फ्रेम, बस्स. त्यासाठी आठवडाभर या भिंतीशी झगडतेय आणि आता डोकं फिरलंय माझं!

हॉस्टेलचे नियम काय, तर खिळा नको, स्क्रू नको, सेलोटेप नको, डाग नको. बरं, मग लावायचं कशाने? ते कुठेच लिहिलेलं नाही. वॉर्डनना विचारलं तर म्हणे, "नियम नीट वाचा." अहो, पाठ झालेत!

म्हणून त्या ओढून निघणाऱ्या चिकटपट्ट्या आणल्या. सगळं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केलं. भिंत स्पिरिटने पुसली, पट्टी 30 सेकंद दाबून धरली, तासभर थांबले, मग फ्रेम अडकवली. मध्यरात्री धाडकन खाली! उचलून बघते तर पट्टीच्या पाठीला नाण्याएवढा पोपडा आणि भिंतीवर पांढरी भुकटी. पट्टी सुटलीच नव्हती हो! तिने रंग घट्ट धरला होता, रंगाने भिंत धरली नव्हती. जुना थर न खरवडता त्यावर नवा डिस्टेंपर फासायचा, दरवर्षी तेच, मग दुसरं काय होणार? नुसता हात फिरवला तरी बोटं पांढरी होतात. या पट्ट्या गुळगुळीत, पक्क्या रंगासाठी असतात. नवीन रंगावर तर निदान 7 दिवस थांबायला सांगतात. काढतानाही भिंतीलगत सरळ खाली, हळूहळू ताणायची. पण रंगच भुसभुशीत असेल तर कितीही हळू ओढा, पोपडा येणारच.

मैत्रिणीने ती निळी चिकट पुट्टी वापरली, तिच्या पोस्टरमागे तेलकट डाग उमटले. फोमच्या दुहेरी टेपचं तर नावच नको, ती प्लास्टरसकट येते.

आगीच्या नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. दिव्यावर कापड टाकू नका, भिंतभर कागद लावू नका, हे बरोबरच आहे, जिवाचा प्रश्न आहे. पण एका फ्रेमने कोणाचं काय जळतंय?

आणि आता त्या पोपड्यासाठी डिपॉझिट कापणार म्हणे. मी आले तेव्हा याच भिंतीला खिळ्यांची चार भोकं होती! पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवलेत, तेही दाखवले. "ते आधीचं आहे" म्हणून मोकळे. मग पोपडा आधीचा नाही का? त्याच्याखालची भुकटी काय मी आणली?

प्रत्येक खोलीत एक सॉफ्टबोर्ड ठोका. नाहीतर छताखाली हुक अडकवायची एक लाकडी पट्टी लावा, दोरीने हवं ते टांगता येईल, भिंतीला कोणी हातही लावणार नाही. एकदाच करायचं काम आहे हे! ते नाही करणार, पोपडे मोजत बसणार.

सध्या आई-बाबा फ्रेमविना, लोखंडी कपाटाच्या दाराला आतून, दोन लोहचुंबकांखाली आहेत. त्यांचं तोंड बघायचं तर दरवेळी कुलूप उघडायचं.