सव्वासात नंबरची टोपी

पुण्यात हेल्मेटसक्तीची घोषणा झाली की गेली वीसेक वर्षं मी एकच वाक्य बोलत आलोय: डोकं आमचं आहे. हेल्मेटने उकडतं, केस जातात, मान आखडते, मागून येणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू येत नाही. (बसचं हॉर्नखेरीज बाकी सगळं ऐकू येतं, तो भाग वेगळा.) त्यामुळे मे महिन्यातल्या एका रविवारी, कुणीही सक्ती केलेली नसताना, मी स्वतःच्या पैशांनी घेतलेली जाड फेल्टची हॅट घालून घरी आलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "आता उकडत नाही?"

हॅट मिळाली मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे जाणारा माणूस नेहमी "सहज" गेलेला असतो. मीही सहजच गेलो होतो. एका पथारीवर टेलिफोनची तबकडी, दोन पितळी नळ आणि कान तुटलेला चिनीमातीचा कुत्रा यांच्या मधोमध ती बसली होती. रंग तपकिरी, किंवा धूळ तपकिरी. माथ्यावर खोक पडल्यासारखी घडी, भोवती रेशमी फीत, फितीचा बो डाव्या बाजूला.

"हळू हात लावा काका, इंग्रजाची आहे."

"कशावरून?"

"इंग्रजाशिवाय कोण घालतंय?"

हा युक्तिवाद मला त्या क्षणी बिनतोड वाटला. "1920 ची असेल," असंही तो वर म्हणाला, आणि आतली चामड्याची पट्टी दाखवली. तिच्यावर पुसट सोनेरी छाप होता: फर फेल्ट, 7¼. पंधराशेवरून सहाशेवर यायला आम्हाला दहा मिनिटं लागली. निघताना त्याने स्वतःच्या हाताने ती माझ्या डोक्यावर चढवली. मराठीत "टोपी घालणे" म्हणजे काय, हे मला चालता चालता संचेतीच्या पुलाजवळ आठवलं.

तसं पाहिलं तर डोक्यावर काय आहे यावरून माणसाची किंमत करणं ही पुण्याची जुनी सवय. पगडी दिसली की एक मत, गांधी टोपी दिसली की दुसरं, काळी टोपी दिसली की तिसरं, आणि बोडकं डोकं दिसलं की थेट "घरात कुणी गेलं का?" पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता ती सत्कारापुरती दहा मिनिटं डोक्यावर बसून पुन्हा खोक्यात जाते. हॅटला इथे स्वतःचं मत नाही. त्यामुळे ती पाहून प्रत्येकाला स्वतःचं मत मांडायला मोकळीक मिळते.

पहिलं मत आईचं. वय चौऱ्याऐंशी, नजर शाबूत. तिने हॅट हातात न घेताच विचारलं, "कशाची आहे?"

मी उत्साहाने सांगू लागलो. फेल्ट हे विणलेलं कापड नव्हेच. केसांना बारीक खवले असतात. गरम पाणी, वाफ आणि मळणं यांनी ते एकमेकांत अडकत जातात आणि केसांचा घट्ट थर तयार होतो. साधी फेल्ट लोकरीची, भारीतली सशाच्या नाहीतर बीव्हरच्या केसांची.

"लोकरीची असेल तर सोवळ्यात चालते," आई म्हणाली. "धाबळी चालते, तशी. सशाची असेल तर चपलांच्या कपाटावर ठेव."

हॅटला इतक्या झटपट आणि इतकं शास्त्रशुद्ध वर्गीकरण कुठल्याही तज्ज्ञाने दिलं नसतं. फर फेल्ट चपलांच्या कपाटावर गेली.

जीर्णोद्धार दुसऱ्या दिवशी सुरू झाला. आधी ब्रश. ब्रश मऊ हवा आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा, कारण केसांचा कल तसा बसवलेला असतो. मी गॅलरीत हॅटभोवती हात फिरवत होतो तेव्हा आतून आवाज आला, "अरे, उलटी प्रदक्षिणा घालू नये." धूळ निघाल्यावर कळलं की हॅट मुळात राखाडी आहे आणि तपकिरी भाग मंगळवार पेठेचा आहे. मग तेलाचे डाग. त्यांच्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवायचं. डाग गेले. मुंग्या आल्या.

मग कसर. कडेला दोन बारीक भोकं होती. कसरीची अळी फेल्ट आवडीने खाते. तिला लोकर काय, ससा काय, सोवळं-ओवळं नाही. भोक बुजवायची रीत अशी: आतल्या पट्टीमागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, बारीक पॉलिशपेपरने फेल्ट घासायची, पडलेला भुसा किंचित डिंकात कालवायचा आणि भोकात दाबायचा. मी पट्टीमागे घासायचा कंटाळा केला आणि कडेच्या खालच्या बाजूलाच घासलं. दोन भोकं बुजली, तिसरं पडलं.

पण खरी अडचण मापाची होती. हॅट डोक्यावर बसायची, उतरायची नाही. म्हणजे अर्ध्यावर अडकायची. माझ्या डोक्याचा घेर एकोणसाठ सेंटीमीटर. बायकोच्या शिलाईच्या टेपने तीनदा मोजला, तिसऱ्यांदा केस दाबून. हॅटचा नंबर म्हणजे घेराचे इंच भागिले पाय (गणितातला, π). तसं केलं की एकोणसाठला सात पूर्णांक तीन अष्टमांश येतात. पण ते अमेरिकन कोष्टक. ब्रिटिश नंबर त्याहून एक अष्टमांशाने लहान, म्हणजे बरोबर सव्वासात. थोडक्यात, हॅट ब्रिटिश पद्धतीची असेल तर ती मला चपखल बसायला हवी, आणि ती बसत नव्हती. निष्कर्ष एकच: फेल्ट आटली आहे.

आटलेली टोपी ताणायला कलबूत लागतं, म्हणजे डोक्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा. पेठेतल्या एका जुन्या टोप्यांच्या दुकानात मागे फळीवर दोन कलबुतं दिसली म्हणून विचारलं, "हॅट ठेवून गेलो तर ताणून द्याल का?"

दुकानदाराने हॅट पाहिली, मग मला पाहिलं. "हॅट ठेवून उपयोग नाही. माप नीट यायला डोकं ठेवून जावं लागेल." थोडं थांबून म्हणाला, "तुमचं काही अडणार नाही म्हणा."

म्हणून ते काम घरीच आलं. फेल्टला आकार द्यायचा तो वाफेवर. वाफ लागली की ती पिठासारखी नरम होते, हवी तशी चिमटायची, थंड झाली की तशीच राहते. बाहेर सगळे यासाठी किटली वापरतात. आमच्याकडे वाफ म्हटली की मोदकपात्र. बायको कॉलेजात गेलेली पाहून मी पाणी उकळलं, जाळीवर हॅट ठेवली आणि झाकण लावलं. दहा मिनिटांनी झाकण काढल्यावर जो वास आला तो सत्तर टक्के ओल्या कुत्र्याचा आणि तीस टक्के वेलदोड्याचा होता. गरमागरम हॅट मी दुधाच्या पातेल्यावर ओढून बसवली, सुतळीने आवळली आणि दोन दिवस माळ्यावर ठेवली.

पातेलं गोल असतं. डोकं गोल नसतं, लांबट असतं. ही भूमिती मला दोन दिवसांनी उमगली. हॅट आता पातेल्याला इतकी सुरेख बसते की पाहत राहावं. माझ्या डोक्यावर ती दोन्ही कानांपाशी हवेत आणि कपाळावर रुतलेली. हार न मानता मी माथ्यावर बोटांनी पुढे दोन चिमटे काढले आणि बायकोला सांगितलं की याला फेडोरा म्हणतात. फेडोरा हे 1882 मधल्या एका फ्रेंच नाटकातल्या नायिकेचं नाव, ते काम सारा बर्नहार्टने केलं होतं. अरुंद कडेची ट्रिल्बी, तेही एका कादंबरीतल्या बाईचंच नाव.

"म्हणजे बायकांच्या टोप्या," बायको म्हणाली. "वाफ कुठे दिलीस?"

मी सांगितलं.

इथे सांगायला हवं की बायको रसायनशास्त्र शिकवते. ती ओरडली नाही. तिने खुर्ची ओढली आणि वर्गात विचारतात तसं विचारलं, "सशाच्या केसांची फेल्ट पूर्वी कशी करत, माहीत आहे?" ससा गुळगुळीत. त्याचे केस एकमेकांत अडकेनात. म्हणून त्यांना मर्क्युरिक नायट्रेट लावत. केसांची टोकं गाजरासारखी नारिंगी होत, खवले उभे राहत आणि मग फेल्ट जमे. पाऱ्याच्या त्या वाफेत काम करून टोपीवाल्यांचे हात कापायचे, दात हलायचे, डोकं फिरायचं. अमेरिकेत हे 1941 च्या अखेरीला थांबलं. जुन्या फेल्टमध्ये तो पारा अजून असू शकतो.

"तर तुझी हॅट कधीची आहे?"

माझी पंचाईत अशी झाली की हॅट 1920 ची असेल तर मी जिंकलो, पण मोदकपात्रात पारा. मोदकपात्र वाचवायचं तर मला टोपी घातली गेली हे मलाच सिद्ध करावं लागणार. आयुष्यात प्रथमच एक पुणेकर स्वतः फसल्याचे पुरावे शोधायला बसला.

पहिला पुरावा माथ्याच्या आतल्या अस्तरावर. दुकानाचं नाव झिजून गेलेलं, खाली इंग्रजीत जुन्या वळणाचं "पूना" आणि शेवटी नुसता "1". मला आनंद लपवता येईना. पिन कोड यायच्या आधी पत्त्यात असंच पुणे 1, पुणे 2 लिहायचे. म्हणजे हॅट पिन कोडच्या आधीची! आणि "पूना" तर उघडच जुनं. "आम्ही अजून पुणे 30 म्हणतो," आईने टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "आणि पूना लिहिलेल्या पाट्या कॅम्पात अजून आहेत." बायकोने भिंग आणलं, मोबाइलची बॅटरी तिरकी धरली. एकच्या डावीकडे रेशमावर अगदी फिकट दाबाच्या खुणा होत्या: चार, एक, एक, शून्य, शून्य. चारशे अकरा हजार एक. भारतात पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. इंग्रज साहेब पंचवीस वर्षांपूर्वी बोटीने गेलेला.

"म्हणजे बहात्तरनंतरची," मी पडेल आवाजात म्हणालो.

"दुकानाचं अस्तर बहात्तरनंतरचं. हॅट त्याआधीची नाही कशावरून?" असं म्हणून तिने चिमट्याने चामड्याची पट्टी खाली उलटली. ही पट्टी खरं तर वाफ देण्याआधीच उलटायची असते, नाहीतर चामडं आखडतं. मी ते वाचलं होतं. वाचलं होतं, एवढंच.

पट्टीमागे वर्तमानपत्राची घडी होती. पूर्ण वेटोळं, चार पदरी. हॅट सैल होत असली की लोक असा कागद भरतात. वाफेने मऊ झालेला तो कागद तिने परातीत उलगडला. तारीख नव्हती. एका बाजूला बातमी होती: दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी शहराच्या मध्यवर्ती भागाचा पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावं.

"ही तर या आठवड्यातली आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या बाजूला बाजारभाव. आईने टीव्ही बंद केला आणि चष्मा मागितला. गूळ, खोबरं यांवरून बोट खाली सरकवत ती सोन्यावर थांबली. दहा ग्रॅम, साडेपाचशेच्या आसपास.

"हा माझ्या पाटल्या केल्या तेव्हाचा भाव. तू पोटात होतास. तुझे बाबा म्हणाले होते, बाळंतपण झाल्यावर करू, आणि मी म्हटलं, नंतर भाव वाढेल." ती कागद बाजूला ठेवून म्हणाली, "वाढला."

म्हणजे पंच्याहत्तरच्या आगेमागे. हॅट आणि मी साधारण एका वयाचे निघालो. दोघांच्याही माथ्यावरचं कसरीने नेलेलं आहे. कागद काढल्यावर बायकोने ती माझ्या डोक्यावर ठेवली, आणि पातेल्याने बिघडवलेला आकार सोडता ती सहज खाली उतरली. फेल्ट आटलेली नव्हतीच. आधीच्या मालकाचं डोकं लहान होतं, आणि मी महिनाभर रद्दी ताणत होतो.

पाऱ्याचा निकाल "शक्यता फार कमी" असा लागला. शक्यता फार कमी असलेल्या मोदकपात्रात आमच्याकडे मोदक होत नाहीत. नवं आणायला बोहरी आळीत गेलो. टोपी सहाशेची, मोदकपात्र अठराशे पन्नासचं. जुनं आता अधिकृतपणे हॅटचं आहे. त्यात मी नुसत्या हातांनी, डोळ्यांच्या अंदाजाने, कलबूत माझंच डोकं समजून, हॅटला पुन्हा लांबट केलं. बरी झाली आहे. कडेवर ठेवायची नाही, उलटी, माथ्यावर ठेवायची, हे घरात आता सगळ्यांना पाठ आहे. शिवाय आतल्या पट्टीला एक चिमुकला बो असतो तो नेहमी मागे आला पाहिजे, हेही मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवतो.

गेल्या गुरुवारी ती घालून स्कूटरवरून लक्ष्मी रोडला निघालो होतो. चौकात हवालदाराने शिट्टी वाजवली.

"हेल्मेट कुठाय?"

"डिकीत."

"डिकीत? आणि टोपी डोक्यावर?"

"हेल्मेट घातलं तर हॅट डिकीत ठेवावी लागते. ती चेपते हो."

त्याने हात पुढे केला. मी हॅट काढून दिली. त्याने ती उलटी करून आत पाहिलं, बोटाने पट्टी चाचपली. इतक्या जाणकारीने आजवर कुणीच ती हाताळली नव्हती. मी सांगायच्या बेतात होतो की इंग्रजाची नाही, बहात्तरनंतरची आहे.

"ही गाठ मागे पाहिजे," तो म्हणाला. "आमच्या टोपीला पण असते. तुम्ही उलटी घातलीय."

मी रस्त्यातच ती फिरवून घातली. पावती तरीही झाली.