कडू दुधी औषध नाही, तो फेकायचाच असतो

‘उन्हाळ्यात घरच्या बागेतून दुप्पट फळं-भाज्या घ्या, फक्त हे सहा नियम पाळा’ असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. काल तो आत्याने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वेलाचे दुधी कडू निघाले म्हणून टाकत होते, आता उद्यापासून रस घेते.’ तिला लगेच फोन करून थांबवलं. पण हेच वाचून दुसऱ्या कोणाच्या घरी मिक्सर सुरू झाला असेल, या काळजीने हे लिहिते आहे.

सहा नियमांतला पहिलाच सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते. नियम असा: ‘दुधी किंवा काकडी कडू निघाली तर फेकू नका. कडूपणा हेच औषध, रिकाम्या पोटी रस घ्या. चव नको असेल तर टोक कापून घासा किंवा शिजवा, कडूपणा जातो. वेल कारल्याशेजारी असला की असं होतं, घाबरू नका.’

घाबरायलाच हवं. दुधी, काकडी, भोपळा, झुकिनी या कुळातल्या झाडांत कुकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं तयार होतात. किडीपासून आणि जनावरांपासून स्वतःला वाचवायची ही त्यांची सोय. खाण्याच्या जातींत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांचं प्रमाण नगण्य केलेलं असतं. एखादा दुधी कडूजहर लागतो, तेव्हा ते प्रमाण पुन्हा वाढलेलं असतं. इथे जीभ जे सांगते ते खरं मानायचं.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, कार्यगटाने नेमका हाच विषय तपासला आणि २०१२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये अहवाल छापला. दुधीचा कडू रस प्यायल्यावर पोटात तीव्र दुखणं, उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब घसरणं असे प्रकार होतात आणि जीवही जाऊ शकतो, असं त्यात आहे. शिफारशीही स्पष्ट आहेत. रस काढण्याआधी फोडीची चव बघा. कडू असेल तर तो दुधी टाकून द्या. कडू रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब दवाखाना गाठा. या विषावर ठरावीक उतारा नाही, डॉक्टरांना लक्षणांवरच उपचार करावे लागतात. त्यामुळे ‘थोडा वेळ बघू’ म्हणत घरी बसून राहण्यासारखं हे प्रकरण नाही.

‘शिजवलं की जातो’ हेही साफ खोटं. कुकरबिटासिन उष्णतेने नष्ट होत नाही. २०१५ साली जर्मनीत घरगुती बागेतल्या झुकिनीची शिजवलेली भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. लिंबू, पुदिना, मध घातल्याने विष कमी होत नाही, फक्त चव झाकली जाते आणि माणूस जास्त पितो. तीन-चार दुधींचा रस एकत्र काढला तर त्यातला एकच कडू सगळा रस बिघडवायला पुरतो. म्हणून चव बघायची ती प्रत्येक फळाची, मिक्सरमध्ये टाकण्याआधी. देठाकडची नखाएवढी चकती कापायची, जिभेवर टेकवायची आणि थुंकायची. कडू लागली तर चूळ भरून ते फळ कचऱ्यात. एकाच वेलावर काही फळं गोड आणि काही कडू असू शकतात, तेव्हा कालचा चांगला होता म्हणून आजचा चांगला असं धरू नये. कडू नसलेला दुधी मात्र खुशाल खावा, त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

काकडीपुरतं अर्धसत्य नाइलाजाने मान्य करते. कडक ऊन आणि पाण्याची ओढ यांनी काकडीत किंचित कडूपणा येतो आणि तो देठाकडे व सालीखाली जास्त साठतो. टोकाचे दोनेक सेंटिमीटर कापले आणि साल जाड काढली तर उरलेली काकडी बऱ्याचदा खाण्याजोगी असते. काम होतं ते कापल्यामुळे. घासून निघणारा पांढरा फेस म्हणजे विष बाहेर आलं असं नव्हे. सोलून, कापूनही कडूच लागली तर काकडीही टाकायची. दुधीच्या बाबतीत हा कापाकापीचा प्रयोग करूच नये.

आता कारल्याचा शेजार. कारल्याचा आणि दुधीचा संकर होत नाही, त्या वेगळ्या प्रजाती आहेत. आणि दुधीच्या फुलावर कुठलेही परागकण पडले तरी त्या फळाचा गर बदलत नाही, कारण गर मूळ वेलाचाच असतो. बदलतं ते आतलं बी. जवळपास रानटी किंवा शोभेचा कडू दुधी असेल आणि मधमाश्या-पतंगांनी त्याचे पराग आणले, तर यंदाचं फळ चांगलंच लागतं. तेच बी पुढच्या वर्षी लावलं की कडू फळं येतात. उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात आपोआप उगवलेल्या वेलांचा भरवसा धरू नये तो यामुळेच. पहिल्याच फळापासून कडू निघालेला दुधीचा वेल सरळ उपटावा आणि त्याचं बी खतात जाऊ देऊ नये.

घरचं बी हवंच असेल तर थोडे कष्ट घ्या. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या दुपारीच हेराव्यात. मागे इवलासा दुधी असतो ती मादी, नुसता बारीक देठ असतो तो नर. दोन्हींवर कागदी पिशव्या बांधायच्या. फूल उघडलं की नराच्या पाकळ्या काढून पराग मादीवर हलकेच टेकवायचे, मादीवर पिशवी पुन्हा बांधायची आणि देठाला खुणेचा दोरा. बी फक्त त्याच फळाचं ठेवायचं, तेही त्या वेलाची बाकीची फळं चाखून खात्री झाल्यावर.

दुसरा नियम, ‘फळ वेलावर जितकं मोठं कराल तितका फायदा’. उलट आहे. आत बी जून व्हायला लागलं की झाडाची ताकद तिकडे वळते आणि नवी फुलं, नवी फळं कमी होतात. एक जून काकडी वेलावर विसरली तरी पुढचा बहर मंदावतो. भेंडी फूल गळल्यावर चार ते सहा दिवसांत काढावी, बोटाने वाकवून टोक कट्‌कन मोडलं पाहिजे. दुधीवर लव असताना आणि सालीत नख सहज रुतत असताना तो कापावा, ओढून तोडू नये, वेल मुळापासून हलतो. भर उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी लवकर फेरी हवी.

तिसरा, ‘टोमॅटो आणि आंबा झाडावरच पूर्ण पिकू द्या’. चवीपुरतं यात तथ्य आहे, पण उन्हाळ्यात नाही. साधारण ३० अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट-केशरी राहतं, उन्हाने साल पांढरी पडते, आणि पक्ष्यांनी चोच मारली तर तेही गेलं. बुडाकडे फिकट गुलाबी झाक दिसली की तोडावा आणि घरात सावलीत, हवेशीर जागी, एकेरी थरात ठेवावा. फ्रिजमध्ये नको, थंडीने पिकणं थांबतं आणि वास जातो. अगदी हिरवा, अपुरा वाढलेला टोमॅटो मात्र तोडून कधीच धड पिकत नाही. आंब्याचंही तसंच: देठाजवळचे खांदे भरले, झाडाला पाड लागला की उतरवायचा, देठ थोडा ठेवून, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. मग आढीत घालायचा.

चौथ्यात टोमॅटोचं बूड काळं पडलं तर अंड्याची टरफलं आणि एप्सम सॉल्ट घालायला सांगितलंय. कारण कॅल्शियमची कमतरता, इतकं बरोबर. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच चढतं आणि पाणी कधी चिंब, कधी कोरडं असं मिळत असतं. टरफलं कुजायला महिनोन्‌महिने लागतात, यंदाच्या फळांना त्यांचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, ते कॅल्शियमच्या शोषणात उलट अडथळा आणतं. बोट दोन पेरं खाली घालून ओल बघत नियमित पाणी द्या, पाचसहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, युरियाचा मारा थांबवा. डागाळलेली फळं काढून टाका, पुढचे घोस सुधारतात.

दुपारी पाणी घातलं की थेंब भिंगासारखे होऊन पानं जळतात, हा पाचवा. गुळगुळीत पानांवर तसं होत नाही. सकाळचं पाणी चांगलं, कारण ते कमी उडून जातं. पण झाड दुपारी खरंच कोरडं पडलं असेल तर मुळाशी पाणी द्या, संध्याकाळची वाट बघू नका.

सहावा, कलिंगड ठोकून ओळखा. सरावलेल्या कानाला जमतं, नवख्याला नाही. त्यापेक्षा फळाच्या देठापाशी असलेला तणावा, म्हणजे वेलाचा गुंडाळणारा दोऱ्यासारखा तंतू, बघा, तो वाळून तपकिरी झालेला हवा. आणि जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा लोण्यासारखा पिवळा झालेला हवा. दोन्ही खुणा जुळत नसतील तर फळ वेलावरच राहू द्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा, कारण तोडलेलं कलिंगड घरात ठेवून गोड होत नाही.